तिथीची पाऊणपट आणि दहावीचं गणित

आमच्याकडे हर्णै-दापोलीच्या पट्ट्यात दहावीची पोरं हमखास विचारतात, काका हे रेषीय समीकरण खरंच कुठे लागतं का हो? अरे, तुझा आजा रोज तेच करायचा! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार, अष्टमीला सहाला, शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. बंदराप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं पण होडी काढायला किंवा तिसऱ्या (शिंपल्या) वेचायला जायला तेवढं पुरतं. आता x म्हणजे तिथी, y म्हणजे तास, झालं की y = ३/४ x, आलेख काढा, सरळ रेषा येते, चढ ३/४.

पण हुशार पोरगी असेल ना तर इथेच अडवते, पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा येते, मग दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण कसं? बरोबर आहे तिचं. १५ तिथ्यांत वेळ १२ तास सरकायला हवी, म्हणजे चढ हवा १२/१५, ४/५, तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपट तोंडी पटकन होते म्हणून ती टिकली असणार, असं मला वाटतं.

आणि वेळ का सरकते, तर पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला अजून साधारण ५० मिनिटं लागतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न, चंद्र एकच तर भरती दोनदा का? गाइडमध्ये नुसतं ‘चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे’ लिहिलेलं असतं, त्याने पोराला काय कळणार? चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पृथ्वीचा मध्य त्याहून कमी आणि पलीकडचं पाणी सगळ्यात कमी, म्हणून ते मागे राहतं आणि तिकडेही फुगवटा येतो. भरती ही ओढीतल्या फरकाची गोष्ट आहे, नुसत्या ओढीची नाही.

मग सूर्य एवढा मोठा असून चंद्र का जिंकतो तेही इथेच सुटतं. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते पण हा फरक घनाने. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या साधारण २ कोटी ७० लाख पट, अंतर ३९० पट, ३९० चा घन काढा, ५ कोटी ९३ लाख येतो, भागाकार केला की ०.४५ च्या आसपास, म्हणजे सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. हा भागाकार पोरांना स्वतः करू द्या, आयतं उत्तर सांगू नका प्लीज. चंद्राचा जोर १ धरला तर अमावस्या-पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येऊन १.४५, ते उधाण, अष्टमीच्या सुमाराला काटकोनात येऊन ०.५५, तो भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. सगळे मच्छीमार हे दोन शब्द रोज वापरतात, पोरांनी फक्त त्यांच्यापुढे आकडे लिहायचे.