आमची वाटचाल : बंपरच्या आरपार

शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर वाढलेला पोरगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, कार्लाइलजवळ, शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट या जुन्या स्पोर्ट्स कारचे सायलेन्सर बसवतो हे कोल्हापुरात अजून कुणाच्या पचनी पडत नाही. आत्या फोनवर विचारतेच, "इंजिनिअर होऊन शेवटी सायलेन्सरच का रे?"

सुरुवातीला मिळेल ते काम घेतलं. पिकअपचे सायलेन्सर, गंजके पाइप, शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्रसुद्धा. धंद्याला वळण लागलं ते १९५९ च्या एका कॉर्व्हेटमुळे. १९५८ ते १९६० च्या गाड्यांत धुराचे पाइप मागच्या बंपरच्या दोन्ही टोकांतून बाहेर पडतात. दिसायला राजेशाही, बसवायला डोकेदुखी. १९६१ ला शेव्हरोलेने पाइप बॉडीखालून काढले आणि विषय मिटवला. पण त्या तीन वर्षांत २९ हजारांच्या घरात गाड्या निघाल्या होत्या, आणि आज ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांना पाइप बंपरमधूनच हवा. आसपासचे गॅरेजवाले नको म्हणत होते. आम्ही हो म्हणालो.

त्रास असा की बंपर जागचा हलत नाही आणि पाइपला स्वस्थता नाही. इंजिन रबरावर बसलेलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते एका अंगावर झुकतं आणि पाइपला ओढतं. वर उष्णता. २ मीटरचा साधा पोलादी पाइप २०० अंशांनी तापला की जवळपास ५ मिलिमीटर लांबतो, ३०४ जातीच्या स्टेनलेसचा ७. म्हणून आम्ही आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारतो, गाडी रस्त्यावर नेऊन चांगली तापवतो, आणि भोकात पाइप कुठे येऊन थांबतो ते बघूनच पाइप टांगून धरणारे हँगर पक्के करतो. थंड गाडीत तो अंमळ तिरका दिसतो. गिऱ्हाईक नाक मुरडतं, मुरडू दे. पाइपभोवती पेन्सिल फिरली पाहिजे, एवढंच मी पोरांना सांगतो. टेकला तर आधी खडखडेल, मग क्रोम घासेल. आणि मागची बॉडी फायबरग्लासची, तिला आच सोसत नाही. तिथे पत्र्याचा आडोसा द्यावाच लागतो.

काजळीचं दुखणं वेगळं. पळत्या गाडीच्या मागे हवा विरळ होते, धूर तिथेच घुटमळतो आणि बंपर काळवंडतो. कार्बोरेटर जास्त पेट्रोल पाजत असेल तर विचारूच नका. त्यामुळे कार्बोरेटर नीट जुळवून आणल्याशिवाय आम्ही गाडी आत घेत नाही. यावरून काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत, बंपरवर तांबं-निकेल-क्रोमचे थर नव्याने चढवायचं बिल बघून माणसं माझ्याच नावाने ओरडली असती.

स्टेनलेस की साधं पोलाद, हे मी पहिल्याच फोनवर विचारून घेतो. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षणाला गाडी उभी करणाऱ्याला मुळाबरहुकूम पोलाद लागतं, कारण परीक्षक खाली वाकून बघतात. रोज फिरवणाऱ्याने बेलाशक स्टेनलेस घ्यावं.

आता बायको हिशेब आणि पार्सलं सांभाळते, वेल्डिंगला दोन पोरं आहेत, पाइप वाकवायला स्वतःचं मशीन आहे. ऑगस्टमध्ये कार्लाइलला कॉर्व्हेटवाल्यांची जत्रा भरते, त्याआधी सगळ्यांनाच घाई. त्या जत्रेला गाडी न्यायची असेल तर मार्चमध्ये आणा. जुलैत आलात तर चहा मिळेल, सायलेन्सर नाही.