तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्या हळू का धावता?

यवतेश्वरच्या घाटात सकाळी साडेपाचला भेटणारी माणसं ठरलेली आहेत. वरच्या गावांतून साताऱ्यात दूध घेऊन उतरणारे मोटरसायकलवाले, फिरायला निघालेले निवृत्त लोक आणि पोलीस-सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं. जूनपासून त्यांत आमची भर पडते. सप्टेंबरमधल्या २१ किलोमीटरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे आम्ही हौशी लोक, कोणी बँकेतले, कोणी दुकानदार, मी शाळेतली. मग प्रश्न सुरू होतो. दूधवाले काका गाडी हळू करून काळजीने विचारतात, "मॅडम, पाय दुखतोय का आज?" भरतीची मुलं शेजारून सुसाट वर जातात आणि खाली येताना मी त्यांना फार तर एक वळण पुढे गेलेली दिसते. त्यांतला एखादा थांबून विचारतोच, "स्पर्धेत नाव दिलंय ना? मग एवढ्या हळू का धावता?" शाळेत शिक्षकांच्या खोलीत हाच प्रश्न "अशाने काही उपयोग होतो का?" असा येतो.

धावता धावता दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे उत्तर नाही. म्हणून आज सविस्तर सांगते.

मी ४७ वर्षांची आहे आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवड्यातून चार दिवस धावते. त्यांतले तीन दिवस माझा वेग सपाटीवर किलोमीटरला साधारण नऊ मिनिटं असतो, चढावर त्याहूनही हळू. हा वेग ठरवायला मला घड्याळ लागत नाही. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एवढी एकच खूण. वाक्य मध्ये तुटायला लागलं की वेग जास्त झाला. एकटी असले तर मोठ्याने पाढे म्हणते. चढ फारच अंगावर आला तर चालते. श्वास जागेवर आला की पुन्हा धावायला लागते.

पहिल्या वर्षी मी अशी धावत नव्हते. रोज जमेल तेवढ्या जोरात धावायचे, कालच्यापेक्षा आज दोन सेकंद तरी कमी लागले पाहिजेत म्हणून. यामागे एक कारण होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. चाळिशीतली बाई रस्त्यावर धावताना दिसली की लोक वळून बघतात. जोरात धावलं की त्या नजरांसमोरून लवकर निघून जाता येतं. समर्थ मंदिराच्या चौकातून तर मी अक्षरशः पळ काढायचे. माझ्याबरोबरच्या दोघीतिघींनीही पुढे हेच सांगितलं. नव्याने धावणाऱ्या कितीतरी बायकांचा वेग रस्त्यावरच्या नजरा ठरवतात, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

पाच आठवडे सगळं छान चाललं. धाप कमी झाली, जिने चढताना पाय हलके वाटायला लागले. सहाव्या आठवड्यात डाव्या नडगीत आतल्या बाजूला दुखायला लागलं. गरम पाण्याने शेकलं, बाम लावला आणि धावत राहिले. मग एका सकाळी जिना उतरताना पाय टेकवेना. एक्स-रेत काही दिसलं नाही. एमआरआय केला तेव्हा हाडात केसासारखी बारीक भेग निघाली. धावणं दोन महिने बंद.

स्पर्धेच्या दिवशी मी घाटात रस्त्याच्या कडेला पाणी वाटत उभी होते. पुढची मुलं वाऱ्यासारखी गेली, त्यांच्याकडे बघायलाही वेळ मिळाला नाही. बऱ्याच मागून तिघं आले, साठीच्या आसपासचे, लाल मातीने भरलेले बूट, आणि गप्पा मारत. कोणाच्या तरी शेतातल्या विहिरीबद्दल बोलणं चाललं होतं. त्यांनी पाणी घेतलं, "थँक्यू ताई" म्हणाले आणि विहिरीवर परत आले. वरून वळसा घालून ते उतरत आले तेव्हा त्यांच्या मागे पन्नासएक तरुण माणसं होती, मांड्या धरून चालणारी. तिघं अजून बोलत होते.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. जे मला मुलांना शिकवता येतं ते स्वतःच्या पायांबद्दल मी कधी विचारात घेतलं नव्हतं, याचं वाईट वाटलं.

गोष्ट अशी आहे. धावायला सुरुवात केली की हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारतं. स्नायूही बऱ्यापैकी लवकर तयार होतात. स्नायूबंध आणि हाडं यांना मात्र महिने लागतात. हाडाची तर आणखी एक गंमत आहे: नवा भार आला की ते आधी जुना भाग थोडा झिजवतं आणि मग त्या जागी नवं भरतं. त्यामुळे मधले काही आठवडे ते पूर्वीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच दिवसांत दम वाढलेला असतो, उत्साह वाढलेला असतो आणि आपण आणखी जोर लावतो. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांची नोंद करून ठेवली होती. हाडातली भेग त्याला दिसणं शक्यच नव्हतं, कारण एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. माझ्या नडगीचं आणि त्या सैनिकांच्या पावलांचं दुखणं एकाच जातीचं. साताऱ्यासारख्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावांच्या जिल्ह्यात ही गोष्ट प्रत्येक भरतीच्या मुलाला माहीत असायला हवी असं मला फार वाटतं.

हळू धावण्याने हाडं वाचतात, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं. शाळेच्या पुस्तकात पेशीची आकृती असते, त्यात तंतुकणिका दाखवलेल्या असतात. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी ती पेशीची भट्टी. हळू आणि पुष्कळ वेळ धावलं की स्नायूंतल्या या तंतुकणिका वाढतात आणि स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. शरीर चरबी जाळायला शिकतं. हे महत्त्वाचं का? कारण स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोरात धावलं तर दोन तासांच्या आसपास संपत येते. माझ्यासारखीला २१ किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात. पहिल्या तासात साखर उधळली तर शेवटच्या तासाला तिजोरी रिकामी.

भरतीची मुलं इथे मान हलवतात आणि म्हणतात, तुमचं २१ किलोमीटर आहे मॅडम, आमचं १६०० मीटर. मुलींना तर ८००. आम्हाला याचा काय उपयोग?

त्यांना मी आर्थर लिडियार्डची गोष्ट सांगते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा हा माणूस बुटांच्या कारखान्यात काम करायचा. कोणत्या धावण्याने काय होतं याचे प्रयोग त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या शरीरावर केले, आणि मग आसपासच्या पोरांना घेऊन वायटाकेरेच्या डोंगरातल्या रस्त्यांवर ३५ किलोमीटरची लांब फेरी मारायला लागला. पीटर स्नेल त्यांच्यातलाच. त्याची शर्यत ८०० मीटरची, दोन मिनिटांच्या आत संपणारी, तरी तोही ही फेरी मारायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबरला स्नेलने ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच दुपारी लिडियार्डच्याच मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं. चार वर्षांनी टोकियोत स्नेलने ८०० आणि १५०० ही दोन्ही सुवर्णं घेतली. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी नंतर लांब पल्ल्याच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा साधारण ८० टक्के सराव सोप्या वेगाचा निघाला. जगातले सगळ्यात वेगवान लोक बहुतेक दिवस हळू धावतात, त्यांच्या मानाने हळू. आपण हौशी लोक मात्र रोज मधल्याच एका वेगाला अडकतो. हाडांना विसावा मिळेल इतका तो कमी नसतो आणि वेग वाढेल इतका जास्तही नसतो. हौशी धावपटूंची सगळ्यात मोठी चूक कोणती विचाराल तर मी हीच सांगेन.

उरलेला एक दिवस मी जोरात धावते, हेही सांगायला हवं. गुरुवारी घाटातल्या एकाच चढावर मिनिटभर वर जीव तोडून, मग चालत खाली, असं सहा ते आठ वेळा. त्या दिवशी एक शब्द बोलता येत नाही. हा दिवस नसता तर स्पर्धेत मी ढिम्म हलले नसते. पण तो झेपतो, कारण बाकीचे तीन दिवस मी पाय शिल्लक ठेवलेले असतात.

आमची स्पर्धाही याच गोष्टीची परीक्षा घेते. २०१२ मध्ये ती सुरू झाली, त्याच वर्षी कासचं पठार पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच वाटेने परत. पहिल्या निम्म्यात चढ, दुसऱ्या निम्म्यात उतार. नवखी माणसं चढाला घाबरतात. खरी कसोटी उतारावर असते, कारण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो. चढावर ज्याने सगळं खर्च केलं त्याच्या मांड्या उतारावर जाब विचारतात. म्हणून आम्ही रविवारी परतताना उतारही मुद्दाम छोट्या पावलांनी धावतो.

रविवार म्हणजे लांब धावणं. जूनमध्ये ८ किलोमीटरपासून सुरुवात, मग दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवत ऑगस्टअखेर १८ पर्यंत. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी. नेमके हे आपल्याकडचे पावसाचे महिने. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, कडेला शेवाळ धरलेलं असतं, म्हणून टॉर्च आणि चमकणारी पट्टी लागतेच. फुलांचा हंगाम सुरू झाला की कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायच्या आत उतरावं लागतं. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे आणि दोन तासांनी बदलायचे, नाहीतर मंगळवारपर्यंत ते वाळत नाहीत. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी कमरेच्या बाटलीत, आणि छोट्या डबीत दोन कंदी पेढे. तासाभराने एक, पुढच्या तासाने दुसरा. बाहेरगावचे धावपटू ताकदीसाठी गोड एनर्जी जेलच्या पुड्या फोडतात तेव्हा मी त्यांना पेढा देऊन पाहते, अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

मागच्या वर्षी मी ही स्पर्धा २ तास ४१ मिनिटांत पूर्ण केली. सरावात मी एकदाही एवढ्या वेगाने एवढं अंतर धावले नव्हते. दूधवाल्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मोटरसायकल स्टँडवर लावून नीट ऐकून घेतलं.

या जुलैत एक मुलगी भेटली. पाटणकडच्या गावातली, पोलीस भरतीसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहते. धावून झाल्यावर ती कठड्यावर बसून अंगठ्याने नडगी दाबत होती, अगदी मी दाबायचे तशी. मी तिला थांबवलं, कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेले. सुदैवाने हाडाला काही झालेलं नव्हतं. दोन आठवडे विश्रांती झाल्यावर तिचा फोन आला, "मॅडम, रविवारी तुमच्याबरोबर येऊ का? पण हळू धावायची मला सवय नाही."

म्हटलं, ये. एकच नियम, तू बोलत राहायचं.

पहिला किलोमीटर ती गप्पच होती. मग अकॅडमीतल्या मैत्रिणींबद्दल बोलली, खोलीत स्वयंपाक कोण करतं ते सांगितलं, गोळाफेकीत तिचे गुण कसे कमी पडतात ते सांगितलं. माझ्या पुढे दोन पावलं जायची आणि आठवण झाली की मागे यायची. धुकं खाली उतरलं होतं. घाटातल्या सगळ्यात उभ्या वळणावर ती म्हणाली, "माझ्या बाबांना ना, असं वाटतं की..." आणि श्वास तुटला.

आम्ही दोघी चालायला लागलो. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत कोणीच काही बोललं नाही. खांबाशी तिने एक लांब श्वास घेतला.

"बाबांना वाटतं की मी दिवाळीपर्यंत परत येईन," ती म्हणाली, आणि पुन्हा धावायला लागली.