आमची वाटचाल : कॅसेट, रील आणि गाणं कुणाचं

सांगलीतलं आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान वडिलांनी व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटच्या काळात थाटलं. तेव्हा व्हिडिओमागं कुठलं गाणं टाकलं हे कुणी विचारत नसे. कॅसेट घरातल्या कपाटातच राहायची. आता वरात निघायच्या आत रील लागतं, आणि अपलोड होताच गाणं ओळखलं जातं. यूट्यूबवर नुसता क्लेम, म्हणजे गाण्याच्या मालकाचा दावा, आला तर बहुतेकदा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. स्ट्राइकचं, म्हणजे मालकानं व्हिडिओच काढायला लावला की चॅनेलवर पडणाऱ्या ताकिदीचं, तसं नाही. ९० दिवसांत तीन पडले की चॅनेल जाऊ शकतं.

गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "पंधरा सेकंद तर घ्यायचंय. खाली नाव टाका की त्यांचं!" पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची सूट कुठंच नाही, आणि नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. कलम ५२ मध्ये खाजगी वापर, समीक्षा, बातमी अशा ठरावीक कामांना मोकळीक आहे. लग्नात, वरातीत गाणं वाजवायलाही आहे. मात्र ती तिथं वाजवण्यापुरती. तेच गाणं एडिटिंगला आमच्या ट्रॅकवर चढवून अपलोड केलं, की तिचा आधार घेता येत नाही. हे मी नवरीच्या मामांना समजावतो. मामा मला समजावतात की सगळेच टाकतात.

साडीच्या दुकानांची रील्स घ्यायला लागलो तेव्हा आणखी गुंता झाला. ॲपमधली गाजलेली गाणी धंद्याच्या जाहिरातीला चालत नाहीत.

मग एका वधूपित्यांना तुकोबांचा अभंग रिमिक्स करून हवा होता. शब्द मोकळे आहेत, त्यांवर आता कुणाचा हक्क नाही, पण त्यांच्या मनातली चाल संगीतकाराची, त्याच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. आम्ही भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांकडून नवी चाल बांधून घेतली. वधूपिते आधी जरा खट्टू झाले, खरं सांगायचं तर.

तिथून स्वतःचा साठा सुरू झाला: सनई, संबळ, हलगी. वाजवणाऱ्यांशी करार लेखीच करतो. हक्क लिहून घेताना मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. आमची निम्मी रील्स अमेरिकेतले नातेवाईक बघतात, त्यामुळे 'जगभर' हा शब्द मी स्वतः तपासतो. सध्या हलगीला मागणी जास्त. सिनेमाचंच गाणं हवं असेल तर परवान्याचा खर्च बिलात वेगळा लावतो. आकडा ऐकून बरेचजण हलगीवर येतात.