कारण तरी सांगा

आज मैत्रिणीची पोस्ट हटवली गेली. स्क्रीनवर एकच ओळ: 'नियमांचं उल्लंघन'. कोणता नियम, कोणतं वाक्य, काही नाही. तिला म्हटलं, मूळ मजकूर आणि नोटीस जपून ठेव, त्या साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद माग.

दिवसभर मात्र पालघर डोक्यात होतं. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एका मुलीला अटक झाली, आणि लाइक केलं म्हणून दुसरीलाही! माध्यमांनी ते प्रकरण लावून धरलं, देशभर संताप उसळला. पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्याचं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिखाणाला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं.

त्याच निकालात कलम ६९अ मात्र टिकलं. मजकूर ब्लॉक करण्याचे सरकारी आदेश याच कलमाखाली निघतात, आणि त्यासाठीच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम सांगतो की तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायची. हे मला फार खटकतं. अटक झाली की निदान बातमी होते. गुपचूप काढलेल्या मजकुराची बातमी कोण करणार?

हिंसेला चिथावणी देणारं काढाच, त्याबद्दल वाद नाही. अभिव्यक्तीवर बंधनं कशासाठी घालता येतात ते राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये लिहिलेलं आहे. मग त्यातलं नेमकं कोणतं कारण लागू झालं, हे लिहिणाऱ्याला सांगायला काय हरकत आहे?