जुनी गोल करवत बदलावी की दुरुस्त करावी? माझा अनुभव

सावंतवाडीजवळच्या आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात बाबांनी १९९४ साली बसवलेली बारा इंची पात्याची गोल करवत आहे. बिडाचे जाड टेबल, लोखंडी सांगाडा, तीन अश्वशक्तीची मोटर आणि मोटरवरून पात्याचा शाफ्ट फिरवणारे दोन पट्टे, एवढाच तिचा पसारा. मागच्या पावसाळ्याआधी तिच्यावर कापलेल्या सागाच्या कडांवर जळकट पट्टे उमटू लागले होते. त्यातच एक दिवस फणसाची फळी उभी फाडताना तिचा काप पात्यामागे मिटला, ती उसळली आणि माझ्या कमरेजवळून जाऊन भिंतीवर आदळली. मी पात्याच्या रेषेत उभा नव्हतो, म्हणून बचावलो. नवे यंत्र घ्यायचे की नाही, हे ठरेपर्यंत करवत सुरू करायची नाही, असे मी त्याच दिवशी मिस्त्रींना सांगितले.

पहिला विचार अर्थातच नव्या यंत्राचा होता. अमेरिकेत २००४ पासून विकली जाणारी सॉस्टॉप ही करवत बोटाचा स्पर्श ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसवते आणि सुमारे पाच मिलिसेकंदांत पाते थांबवते. तसे यंत्र परवडले असते, तर मी पुढचे काही मोजलेच नसते. ते माझ्या आटोक्याबाहेरचे होते. दुसरा पर्याय सरकत्या टेबलाच्या पॅनेल सॉचा. तिच्यात मुख्य पात्याच्या पुढे एक छोटे पाते उलट्या दिशेने फिरत खालून आधीच बारीक खाच पाडते, त्यामुळे सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या खालच्या कडेला कपच्या उडत नाहीत. आमची करवत या बाबतीत कायम उणी पडत आली आहे. मात्र ३.२ मीटरचे ते टेबल पुढे-मागे पूर्ण सरकायला साडेसहा मीटर तरी लांबी मोकळी हवी, आणि आमचा कारखाना बावीस फुटी, म्हणजे जेमतेम ६.७ मीटर आहे. तिच्यासाठी थ्री फेज जोडणीही घ्यावी लागली असती.

बाबा म्हणाले, ‘‘नवीन घे, माझी हरकत नाही, पण हिला नेमके काय झाले आहे, ते आधी बघून घे.’’ तेव्हा मी दोन दिवस केवळ मोजमापासाठी दिले. पट्टे काढून मोटर एकटी चालवली, ती शांत होती. पाते काढून शाफ्ट फिरवला, तर चालू यंत्राची घरघर तशीच राहिली. पाते ज्या चकतीला टेकते तिच्या कडेला डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून शाफ्ट हाताने सावकाश फिरवला, तेव्हा काटा ०.१५ मिलिमीटर हलला. चकती चार इंचांची आणि पाते बारा इंचांचे, म्हणजे दातांच्या टोकाशी हीच डगमग तिप्पट, जवळजवळ अर्धा मिलिमीटर. जळकट पट्ट्यांचे बरेचसे कारण तिथेच सापडले.

त्यानंतर गाईड, म्हणजे फळी जिला टेकवून सरळ ढकलतात ती पात्याशेजारची पट्टी, तपासला. पात्याच्या एका दातावर खडूने खूण केली, तो दात पुढच्या बाजूला आणून गाईडपर्यंतचे अंतर घेतले आणि तोच दात फिरवून मागे नेऊन पुन्हा घेतले. एकच दात दोन्हीकडे वापरल्यामुळे पात्याचा वाकडेपणा मोजणीत शिरत नाही. मागचे अंतर ०.८ मिलिमीटरने कमी भरले. पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, मागचे दात मात्र खालून वर येत असतात. गाईड आणि मागचे दात यांच्यात चेपलेली फळी ते उचलतात व चालवणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. आमचे पाते मिनिटाला ३६०० फेरे घेते, म्हणजे दातांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. फणसाची फळी आतल्या ताणामुळे मिटली हे खरे, पण त्या ताणाला आमच्या वाकड्या गाईडने साथ दिली होती.

निर्णय खऱ्या अर्थाने फिरला तो पात्यामागच्या पाचरीवरून. फाडलेली फळी मिटू नये म्हणून पात्यामागे उभी राहणारी पोलादी पट्टी आमच्या करवतीला मुळातच नव्हती, आणि जुन्या यंत्राला ती बसणार नाही, असे मी धरून चाललो होतो. सांगाड्याखाली शिरून पाहिल्यावर लक्षात आले की आमच्या यंत्रात शाफ्ट जागचा हलत नाही. कापाची खोली बदलण्यासाठी टेबलच वर-खाली होते. त्यामुळे सांगाड्याला बोल्टने बसवलेली पाचर पात्यापासून नेहमी सारख्याच अंतरावर राहणार होती. पात्याची जाडी २.२ मिलिमीटर आणि दातांनी पडणारा काप ३.२, म्हणून पाचर २.६ मिलिमीटरची करून घेतली आणि दातांपासून पाच मिलिमीटरवर बसवली.

शाफ्ट कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन चकतीचा चेहरा लेथवर साफ करून घेतला, ६२०५ क्रमांकाची दोन्ही बेअरिंगे नवी घातली आणि गाईड दोन्ही टोकांना आवळता येईल असा नवा बनवला. आता काटा ०.०३ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. प्लायवूडच्या सनमायका लावलेल्या शीट आम्ही पॅनेल सॉ असलेल्या शेजारच्या कारखान्यात दर शीटप्रमाणे पैसे देऊन कापून आणतो. महिन्याला मोजक्याच शीट लागत असल्याने सध्या तेच योग्य वाटते. ते काम वाढले, तर जागेसह सगळा विचार नव्याने करावा लागेल.

पहिली चाचणी मी मुद्दाम फणसावरच घेतली. निम्म्याच्या पुढे गेल्यावर काप मिटत येऊन पाचरीला घट्ट बिलगला, पात्याचा आवाज मात्र बदलला नाही. शेवटचा वीतभर भाग ढकलकाठीने पुढे सरकवून मी मोटर बंद केली आणि पात्यावरचे झाकण बनवायला घेतले, कारण ते अजून राहिलेच होते. धार लावून आणलेल्या पात्याचा व्यास किंचित घटतो, म्हणून पाते चढवल्यावर पाचरीचे अंतर मिस्त्री दर वेळी पट्टीने मोजतात.