सर्व्हिसिंग करून आणलेली स्नोमोबाइल सुरूच होईना

बेत सरळ होता. दोन स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पट्ट्याने चालणाऱ्या गाड्या, जंगलातून जाणारी बर्फाची वाट, पुढे गोठलेलं तळं आणि पलीकडच्या काठावर लाकडी निवाऱ्यात मुक्काम. उजाडताच निघायचं ठरलं होतं. पहिली गाडी लगेच सुरू झाली. दुसरी आदल्या संध्याकाळीच सर्व्हिसिंग होऊन आली होती. कार्ब्युरेटर उतरवून साफ केलेले, प्लग नवे, इंजिनचा जोर पुढे नेणारा ड्राइव्ह बेल्ट नवा. नेमकी तीच सुरू होईना. दोरी ओढून खांदे भरून आले, तरी इंजिन एकदाही फुरफुरलं नाही.

अशा वेळी थंडीत उभ्या माणसांची डोकी चारी दिशांना धावतात. कुणाला पेट्रोलमध्ये पाणी असावं असं वाटतं, कुणाला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं असं. माझं मत पक्कं आहे: कामाआधी गाडी चालत होती आणि कामानंतर बंद पडली, तर दोष हात लागलेल्या जागीच शोधायचा. पिस्टन एका रात्रीत झिजत नाही. म्हणून आधी कामाचा कागद काढला आणि काय काय उघडलं होतं ते वाचलं. एअरबॉक्स (इंजिनला हवा पुरवणारी पेटी), कार्ब्युरेटर, रेसच्या केबल, प्लग. शोध तेवढ्यापुरताच ठेवला.

अर्थात सगळ्यात आधी किल स्विच, अंगाला अडकवायची सेफ्टी दोरी आणि पेट्रोलचा कॉक बघितला. हे तिन्ही बंद राहिलेले असतात आणि लोक इंजिन खोलायला बसतात.

मग प्लग काढले. दोन्ही ओले, पेट्रोलचा वास येणारे. याचा अर्थ पेट्रोल चढत होतं. ते कोरडे निघाले असते, तर मी पंपाकडे वळलो असतो. कार्ब्युरेटरच्या बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलचा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या, दाबाच्या हेलकाव्यांवर चालतो. तो दाब आणणारी बारीक नळी कामानंतर जोडायची राहिली, किंवा जुनी होऊन तडकली, तर टाकी भरलेली असूनही सिलिंडरला थेंब मिळत नाही. कोरड्या प्लगसाठी एक सोपी परीक्षा आहे: प्लगच्या भोकातून अगदी चमचाभर पेट्रोल सोडायचं, प्लग बसवून दोरी ओढायची. इंजिन क्षणभर पेटून विझलं, तर करंट आहे, पेट्रोल येत नाही. ईथरचा फवारा मात्र टू-स्ट्रोकमध्ये मारू नका. त्यात तेल नसतं आणि सिलिंडरच्या भिंतीवरची तेलाची फिल्म धुऊन जाते.

आमचे प्लग ओले होते, म्हणून करंट तपासला. प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू इंजिनच्या धातूला घट्ट टेकवायची, पण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. दोन्ही बाजूंना ठिणगी नाही. चालत्या गाडीचा प्लग लावला, तरी नाही. दोन्ही सिलिंडर एकदम मेले, म्हणजे दोष प्लगच्या अलीकडे, दोघांना सामाईक जागी. एअरबॉक्सखालचे कनेक्टर ओढून पाहिले. सगळे घट्ट होते.

उत्तर सापडलं ते शेजारच्या गाडीमुळे. दोन्ही एकाच मॉडेलच्या. माझ्या सोबत्याने दोन्हींच्या रेसच्या लिव्हरवर अंगठा ठेवला. एक ताठ, दुसरी लुळी. केबल बरीच ढिली राहिली होती. बऱ्याच कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत या लिव्हरमध्ये एक सेफ्टी स्विच असतो आणि केबलचा ताण त्याला जागेवर धरून ठेवतो. स्लाइड, म्हणजे रेस दाबल्यावर कार्ब्युरेटरमध्ये वर सरकून हवेची वाट उघडणारा भाग, उघडीच अडकली, तर लिव्हर सोडल्यावर ताण जातो आणि स्विच करंट तोडतो, म्हणजे गाडी आपोआप सुसाट सुटत नाही. आमच्या गाडीत अडकलं काहीच नव्हतं, पण ढिल्या केबलने तेच घडवलं होतं. हा स्विच बायपास करून पुढे निघावं असं मनात आलं, तरी करू नका. तो जीव वाचवायला बसवलेला आहे.

कार्ब्युरेटरवरचे ॲडजस्टर थोडे थोडे फिरवून दोन्ही केबल सारख्या ताणल्या, लॉकनट आवळले. निळी ठिणगी आली. इंजिन मात्र तोवर पेट्रोलने भरलं होतं. प्लग काढून, किल स्विच बंद ठेवून, रेस पूर्ण उघडून दोरी ओढत ते कोरडं केलं. कोरडे प्लग लावले, रेसला अजिबात हात लावला नाही, आणि गाडी भरपूर धूर टाकत सुरू झाली. चोक लावलेला असताना रेस दाबू नका. स्लाइड उघडली की चोकच्या वाटेने पेट्रोल ओढलं जाणं कमी होतं आणि थंड इंजिन पेट घेत नाही.

केबलला हात लावला असेल, तर दोन गोष्टी तपासल्याशिवाय निघू नका. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा, इंजिनचा वेग वाढता कामा नये. आणि ऑइल पंपाच्या लिव्हरवरची खूण मॅन्युअलप्रमाणे जुळते का ते बघा. रेसच्या केबलबरोबर तोही हलतो. तेल कमी पडलं, तर इंजिन जाम होईल, आणि ते तळ्याच्या मध्यावर होईल.

या सगळ्यात सकाळ गेली होती. आम्ही मुक्काम रद्द केला, तळ्याच्या अलीकडच्या काठापर्यंत गेलो आणि उजेड असतानाच परतलो. मला त्याचं वाईट वाटलं, पण नुकतीच उघडलेली गाडी घेऊन अंधारात बर्फावर जाणं मला मान्य नाही. तळं ओलांडणाऱ्यांनी बर्फाची जाडी जागोजागी मोजावी; स्वच्छ, घट्ट बर्फ निदान 13 ते 18 सेंटिमीटर हवा.

तुम्ही जाणार असाल, तर सर्व्हिसिंग आणि प्रवास यांच्यामध्ये एक पूर्ण रात्र ठेवा आणि सकाळी गार इंजिन सुरू करून बघा. कामाच्या ठिकाणी गरम इंजिन सुरू झालं, यावरून काही कळत नाही. मग तासभर जवळपासच चालवा. सोबत जुने पण चालणारे प्लग, प्लगचा पाना, छोटे पाने, सुटा बेल्ट आणि ओढायचा दोर ठेवा. बंद गाडी ओढून आणताना तिचा ड्राइव्ह बेल्ट आधी काढा, नाहीतर ट्रॅक (गाडीखालचा पट्टा) फिरताना बेल्ट आणि क्लचही फिरत राहतात. क्लचवरचं झाकण काढून इंजिन कधीही चालू करू नका.