आमची वाटचाल : सेल्फ, डायनॅमो आणि उजनीच्या लाँचा

सोलापुरात ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांना तोटा नाही. ट्रकचा सेल्फ (इंजिन उठवणारी मोटर), ट्रॅक्टरचा डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) कुठेही भरून, म्हणजे तार नव्याने गुंडाळून मिळतो. लाँचच्या इनबोर्ड, म्हणजे आत बसवलेल्या इंजिनाचं वायरिंग हातात घेणारे मात्र मोजकेच. आमचं नाव झालं ते याच कामावर आणि दुकानाला कुलूप लागायची वेळ आली तीही याच कामापायी. बाकीची वर्षं ट्रॅक्टरवर सुखाने गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सुरुवात दोघांच्या भागीदारीत झाली. आमच्या भागीदारांना सगळे उस्ताद म्हणत. ग्राउलरवर (तपासायच्या विजेच्या चुंबकावर) आर्मेचर (सेल्फचा तार गुंडाळलेला फिरता भाग) ठेवून वर हॅक्सॉचं पातं धरायचं आणि पातं थरथरलं की शॉर्ट नेमका कुठल्या गाळ्यात आहे ते सांगायचं, ही त्यांची हातोटी. कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) लेथवर घासून झाला की मायका (पट्ट्यांमधला अभ्रक) अर्धा मिलीमीटर खाली कोरल्याशिवाय ते आर्मेचर बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मायका वर राहिला तर कार्बन (त्यावर घासणारे ब्रश) उडतात, ठिणग्या पडतात आणि चार महिन्यांत गिऱ्हाईक शिव्या घालत परत येतं.

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, दोन क्लिपा. मल्टिमीटर आम्हीही वापरतो, पण तो फसवतो. केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायर आतून कुजलेली असेल तर बल्ब मिणमिणतो, तिथेच निकाल लागतो. उस्तादांचा तो लॅम्प अजून आमच्या काउंटरवर आहे. फक्त बल्ब बदलत आलोय.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी करमाळा, इंदापूर, दौंडकडे पसरलं. या पाण्यावर होड्या आणि आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेली इंजिनं) जास्त, इनबोर्ड डिझेलच्या लाँचा थोड्या. त्यातले करमाळ्याकडचे एक लाँचमालक आमचे पहिले गिऱ्हाईक. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांची खासियत अशी की बिघाड सांगताना आवाजासकट सांगतात. “चावी फिरवली की एकदाच टक होतं आणि गप्प,” किंवा “कट कट कट कट करतंय.” एवढ्यावर अर्धं काम फोनवरच होतं. एकच टक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतोय, पण आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, कार्बन संपलेत किंवा मोठी केबल करंट देत नाही. सलग कट कट म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. काहीच आवाज नाही तर सेल्फला हात लावू नका. फ्यूज, चावी, गिअरचा न्यूट्रल स्विच (गिअर पडलेला असताना सेल्फ फिरू न देणारा) आणि हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) प्लग आधी बघा.

मग शहरात एक सेल्फवाला उगवला. नाव घेत नाही, त्यांना जाहिरात फुकट कशाला? त्यांचा धंदा सरळ होता : इंजिन उचलत नाही म्हटलं की नवा सेल्फ. वर सांगत सुटले की सोलापूरच्या गल्लीत भरलेला सेल्फ पाण्यावर टिकत नाही. आम्ही नुकतंच कर्ज काढून अल्टरनेटर (डायनॅमोचा नवा अवतार) तपासायचं टेस्ट बेंच घेतलं होतं. लाँचवाले एकेक करून तिकडे गेले, त्यांचं बघून दोन ट्रकवाले मालकही गेले. उधारी अडकली, हप्ते थकले आणि उस्ताद हिशेब करून गावी निघून गेले. भांडून नव्हे, पण गेले. त्या काळात टिकून राहिले ते एकटे मामा. बाकीच्यांना अजून आमच्याकडे यायला लाज वाटते म्हणे. वाटायलाच हवी.

फिरलं ते अशाच एका लाँचवर. नव्यावर नवा सेल्फ बसवूनही इंजिन जड फिरत होतं. मामांच्या शब्दावर आम्हाला बोलावलं. बॅटरी रिकामी असताना नव्हे, चांगली भरून, १२.६ व्होल्टवर घेतली. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर ११.४ आणि सेल्फच्या खुंटीपासून त्याच्याच बॉडीपर्यंत फक्त ८.९. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेत गायब. पॉझिटिव्ह केबलवर ०.४, ते चालतं. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत मात्र २.१! तिथे ०.२-०.३ च्या वर जाता कामा नये. निगेटिव्ह केबलचा लग (टोकाचा धातूचा डोळा) इंजिनच्या रंगवलेल्या पायावर, गंजक्या बोल्टखाली आवळला होता. बोल्ट काढला, जागा घासून लखलखीत केली, ५० चौरस मिलीमीटरची नवी केबल हायड्रॉलिक प्रेसने क्रिंप केली, वर गोंदवाली श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी). जुनाच सेल्फ परत चढवला आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात उठलं.

इथे एक खूण लक्षात ठेवा. इंजिन जड फिरतंय आणि तरी बॅटरीचा व्होल्ट फारसा पडत नाही, तर बहुतेक वेळा करंट वाटेत अडलाय. व्होल्ट नऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी मेलीय किंवा सेल्फ, नाहीतर इंजिन जाम आहे.

“उजनीचं पाणी गोडं, गंज कसला?” असं लोक म्हणतात. पुण्याचं सांडपाणी याच पाण्यात येतं आणि इंजिनच्या पेटीतली दमट हवा बाहेर जायला जागा नसते. लगपासून हिरवं किटण प्लास्टिकच्या आतून वीतभर वर चढतं. वायर वरून नवी दिसते, सोलून पाहिली तर तारा काळ्या. म्हणून आम्ही कथील चढवलेल्या तारांचीच वायर वापरतो. महाग आहे, पण घासाघीस करू नका.

दुसरं दुखणं लांब हार्नेसचं. चावी पुढे, इंजिन मागे, मध्ये सात-आठ मीटर बारीक वायर आणि एक बहुपिनी प्लग. सोलेनॉइड पहिल्या झटक्याला ३०-४० अँपिअर ओढतो, ते चावीतून जाताना व्होल्ट मरतो आणि चार वेळा फिरवल्यावर पाचव्यांदा घेतं. सेल्फजवळ ७० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) लावा : त्याच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरी फ्यूजमधून, ८७ वरून सेल्फची ५० नंबरची खुंटी, ८६ ला चावीची वायर, ८५ ला निगेटिव्ह. न्यूट्रल स्विच चावीच्या वायरीतच राहू द्या. तो थेट जोडून टाकणारे महाभाग आहेत. गिअरमध्ये लाँच धक्क्यावर आदळली की मग आमच्याकडे येतात.

सेल्फ छान फिरतो आणि इंजिन पेटत नाही, तेव्हा आधी स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा) बघा. काही इंजिनांत तो करंट मिळाल्यावर डिझेल सोडतो, काहींत करंट मिळाल्यावर बंद करतो. आपलं कुठलं ते जाणून घ्या. मग डिझेलच्या लाइनमधली हवा आणि सेपरेटरमधलं (डिझेलमधून पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं) पाणी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावं. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडणाऱ्या इंजिनावर दोन-तीनदा मारूनही पेटलं नाही, तर पाण्याचा सीकॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा. पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, मफलर भरून पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पेटताच सीकॉक लगेच उघडा, नाहीतर पंपातल्या इंपेलरचं (फिरत्या पंख्याचं) रबर जळतं. मामा त्यासाठी सीकॉकची दांडी चावीलाच अडकवतात.

चार्जिंगचं थोडक्यात. चालू इंजिनावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत. पॅनेलवरचा लाल दिवा नुसता शोभेचा नाही. त्या दोन-तीन वॅटच्या बल्बमधूनच अल्टरनेटरच्या फील्डला (चुंबक बनवणाऱ्या गुंडाळीला) पहिला करंट जातो. बल्ब उडाला किंवा हौसेने एलईडी बसवला की रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही आणि दोष अल्टरनेटरवर येतो. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच बंद केला तर अल्टरनेटरचे डायोड तिथल्या तिथे जातात.

आता टेस्ट बेंचचं कर्ज फिटलंय. उस्तादांचा पुतण्या आमच्याकडे आर्मेचर भरतो. सेल्फवाल्या महाशयांचं दुकान अजून चालतं, गर्दीही असते. त्यांच्याकडून टाकून दिलेले सेल्फ भंगारवाल्याकडून आमच्याकडे येतात आणि बेंचवर लावले की त्यातले बरेच ठणठणीत निघतात. लाँचवाल्यांनी सेल्फ आणताना त्याची निगेटिव्ह केबलही लगसकट घेऊन यावी. ती तपासायचे आम्ही पैसे घेत नाही.